पार्किंगच्या आतून गेलेला सायकल ट्रॅक: पुण्यातल्या एका रस्त्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातला हा रस्ता विकास आराखड्यातला २४ मीटर रुंदीचा, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. त्याचं नाव देत नाही, कारण ज्या दुकानदारांशी आणि रहिवाशांशी वाद झाले ते आजही तिथेच आहेत आणि त्यांतले बरेच जण पुढे कामात सोबत आले. एका टोकाला सिग्नलचा मोठा चौक, दुसऱ्या टोकाला भाजी मंडई. मध्ये एक शाळा, एक छोटं रुग्णालय, सोसायट्यांची गेटं, पीएमपीच्या बसचे थांबे आणि तळमजल्यावर दुकानांची जवळपास सलग रांग. दुभाजक नाही. पार्किंग पी-१ पी-२ पद्धतीचं: एक दिवस या बाजूला, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला. हे पाटीवर. प्रत्यक्षात रोज दोन्ही बाजूंना गाड्या.

मी वाहतूक नियोजनाचं काम करते. परिसरातल्या नागरिक गटाने आराखड्याला मदत म्हणून बोलावलं आणि पहिल्या मोजणीपासून काम उभं राहीपर्यंत मी त्यांच्यासोबत होते.

काळ महत्त्वाचा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला होता. त्याच सुमारास मोबाइल ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकली औंधात आणि विद्यापीठात आल्या, मोठा गाजावाजा झाला आणि दोनेक वर्षांत त्या दिसेनाशाही झाल्या. आमचं काम सुरू झालं ते त्यानंतर. त्यामुळे पहिल्याच बैठकीत ऐकावं लागलं, ‘त्या सायकलींचं झालं तेच तुमच्या ट्रॅकचं होणार.’

या रस्त्यावर सायकल ट्रॅक आधीही होता, हे सांगायला हवं. पदपथाच्या अर्ध्या भागात वेगळ्या रंगाचे पेव्हर ब्लॉक बसवून तो केलेला. झाडाच्या बुंध्याशी तो संपायचा, पलीकडे पुन्हा सुरू व्हायचा. वाटेत विजेच्या फीडर पिलरची पेटी, जाहिरातीचा खांब, ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं. आणि प्रत्येक सोसायटीच्या गेटापाशी उतार, मग चढ. एका वॉचमनदादांना विचारलं, तुम्ही रोज सायकलने येता, ट्रॅक का वापरत नाही? ते म्हणाले, ‘मॅडम, दर गेटाला उतरायचं, चढायचं. त्यापेक्षा रस्ता बरा.’

अडचण

‘सायकलींचं पुणं’ ही आठवण अशा चर्चेत हमखास निघते. तिचा उपयोग थोडाच आहे, कारण ते पुणं ज्या रस्त्यांवर सायकली चालवत होतं त्यांवर आजच्याएवढ्या दुचाकी आणि मोटारी नव्हत्या. आज या रस्त्यावर सायकल कोण चालवतं, ते आधी बघायला हवं होतं.

गटातल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सायकलस्वार म्हणजे रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याकडे निघणारे, हेल्मेट आणि घट्ट टीशर्टवाले. त्यांच्यापैकी दोघे गटातच होते. सकाळ-संध्याकाळ उभं राहून मोजणी केली तेव्हा दिसले ते लोक वेगळे. घरकामाला जाणाऱ्या बायका, बांधकामावरचे मजूर, पेपर टाकणारी मुलं, वॉचमन आणि शाळेची मुलं. यांतल्या बहुतेकांच्या सायकली गिअर नसलेल्या, मागे कॅरिअरला डबा किंवा पिशवी. यांच्यासाठी सायकल हा छंद नाही, बसचे पैसे आणि वेळ वाचवायची सोय आहे. हा गट संध्याकाळी सातच्या नागरिक बैठकीला कधीच येत नाही, कारण त्या वेळी तो कामावर तरी असतो किंवा घरी स्वयंपाकात. त्यांच्याशी बोलणं झालं ते सकाळच्या कामांच्या मधल्या वेळेत, सोसायट्यांच्या गेटाबाहेर उभं राहून.

ते सगळे डांबरावरून जात: डावीकडे उभ्या गाड्यांची रांग, उजवीकडे धावती वाहनं, मधल्या दीड हातातून. काम सुरू व्हायला निमित्त झालं तेही इथलंच. घरकामाला निघालेल्या एका मावशींच्या पुढ्यात उभ्या मोटारीचं दार उघडलं. त्या उजवीकडे वळल्या, मागच्या टेम्पोने ब्रेक दाबला, धक्का लागला नाही. पण त्या पडल्या आणि हात मोडला. चार घरची कामं सुटली, त्यातली दोन परत मिळाली नाहीत. पोलिसांत नोंद नाही, कारण उभ्या गाडीचं दार उघडणं हे अजून आपल्याकडे कुणाला अपघाताचं कारण वाटत नाही. म्हणूनच केवळ पोलिसांच्या नोंदी पाहिल्या असत्या तर हा रस्ता बऱ्यापैकी सुरक्षित दिसला असता.

दुसरी गोष्ट आम्हाला एका मजुराने खाली वाकून दाखवली. रस्त्याच्या कडेला पावसाळी गटाराच्या लोखंडी जाळ्या होत्या आणि त्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेनेच लांब गेलेल्या. साध्या सायकलचं टायर दीड इंच रुंद, फटही तेवढीच. चाक आत गेलं की सायकल जागच्या जागी थांबते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून रोजचे सायकलवाले जाळी आली की उजवीकडे सरकतात, नेमके मागच्या दुचाकीच्या पुढ्यात. मागच्याला वाटतं, हा उगाचच मध्ये आला. पावसात तर कडेला पाणी साचल्याने जाळी दिसतही नाही, मग ते आधीपासूनच मधून चालवतात. सायकलवाले शिस्त पाळत नाहीत, अशी तक्रार प्रत्येक बैठकीत होत होती. बेशिस्त म्हणून जी वागणूक दाखवली जात होती, तिचं निम्मं कारण त्या जाळ्यांत होतं. फटी आडव्या असलेल्या जाळ्या बसवणं हे या प्रकरणातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आधी झालेलं काम.

समोरचे पर्याय

रस्त्याचं माप असं होतं: दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर पदपथ (जुना ट्रॅक त्यातच), मध्ये १८ मीटर डांबर. दोन्ही कडांच्या उभ्या गाड्यांनी दोन-दोन मीटर घेतल्यावर चालत्या वाहनांना १४ मीटर उरत होते. गर्दीच्या वेळी तेही कमी वाटतात. पण दुपारी आणि रात्री हेच १४ मीटर मोकळं मैदान होतं आणि वाहनं सुसाट जात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. जास्तीचं डांबर हे सोयीचं वाटतं, पण तोच धोकाही असतो.

पहिला पर्याय जुनाच ट्रॅक दुरुस्त करण्याचा. खर्च कमी, कुणाचं पार्किंग जात नाही, विरोध नाही. नगरसेवकांना हाच पसंत होता आणि त्यांची अडचणही समजण्यासारखी होती. पण त्यात सायकलला जागा पादचाऱ्याच्या ताटातून काढून द्यायची होती. रुग्णालयासमोर आधीच माणसं पदपथावर मावत नव्हती.

दुसरा, डांबरावर रंगाचा पट्टा. आठवड्यात होतो, फोटो छान येतो. पण तो पडणार होता उभ्या गाड्यांच्या उजवीकडे, म्हणजे मावशी जिथे पडल्या तिथेच. शिवाय नुसत्या रंगावर रिक्षा थांबते, टेम्पो माल उतरवतो आणि दुसरी रांग लागते.

तिसरा, एकाच बाजूला दोन्ही दिशांचा ट्रॅक. जागा वाचते. नदीकाठी किंवा रेल्वेच्या बाजूने, जिथे गल्ल्या आणि गेटं नसतात, तिथे हा उत्तम. इथे मात्र गेटातून बाहेर पडणारा चालक फक्त उजवीकडे बघतो; डावीकडून येणारी सायकल त्याच्या अपेक्षेतच नसते.

चौथ्या पर्यायात ट्रॅक पदपथाला लागून, मग कठडा, मग पार्किंगची रांग आणि त्यापलीकडे वाहतूक. उभ्या गाड्याच सायकलस्वाराचं रक्षण करतात. किंमत उघड होती: पार्किंग दोन्हीऐवजी एकाच बाजूला राहणार.

पाचवा विचारही झाला, की ट्रॅक नकोच, फक्त वेग ३० वर आणावा. रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि सायकलस्वार जिथे वाहनांत मिसळतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवली आहे. गल्ल्यांसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो. पण बस धावणाऱ्या २४ मीटरच्या रस्त्यावर दहा वर्षांच्या मुलाला बसच्या शेजारून सायकल चालवायला सांगणं मला पटलं नाही.

चौथा पर्याय धरून माप मांडलं. पदपथ ३ आणि ३, दोन्ही ट्रॅक २-२, पार्किंगच्या बाजूचा कठडा पाऊण मीटर आणि दुसरा पाव मीटर, पार्किंग २, वाहतुकीला ११. बेरीज २४. ट्रॅक दोन मीटरच का, हे प्रत्येकाने विचारलं. सायकल चालताना थोडी डुलते, एका सायकलला मीटरभर जागा लागते. दोन मीटर असले तर शाळेची मुलगी हळू जाणाऱ्या मजुराला मागे टाकू शकते. आणि पार्किंगच्या बाजूचा कठडा जास्त रुंद, कारण आपल्याकडे मागे बसलेली मंडळी डाव्या दारानेच उतरतात आणि ते दार ट्रॅककडे उघडणार.

पार्किंगचा निर्णय

खरं प्रकरण इथे घडलं. बाकी सगळं अभियांत्रिकी होतं.

दुकानदारांची पहिली बैठक मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर झाली. औषधाच्या दुकानाचे मालक थेट बोलले: ‘ताई, गाडी लावायला मिळाली नाही तर गिऱ्हाईक पुढच्या चौकात जाईल. तुमची सायकल आमच्या गल्ल्यात काय टाकणार?’ प्रश्न रास्त होता. भाडं आणि पगार त्यांना भरायचे होते, आम्हाला नाही. त्या दिवशी आम्ही उत्तर द्यायचं टाळलं आणि आधी मोजू असं ठरवलं. मला हा निर्णय संपूर्ण प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तिथल्या तिथे वाद घातला असता तर दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट बसल्या असत्या.

मोजणी साधी होती. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दर तासाला रस्त्यावरून चालत जायचं आणि उभ्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे वहीत लिहायचे. हे काम कॉलेजच्या मुलांनी केलं, आणि दुकानदारांच्या सूचनेवरून त्यांच्याकडचा एक मुलगाही सोबत फिरला. वही वाचल्यावर बैठकीचा सूर बदलला. मोटारींपैकी बऱ्याच सकाळी नऊला होत्या त्याच रात्री नऊलाही होत्या. काही सोसायट्यांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या, काही खुद्द दुकानदारांच्या आणि त्यांच्या कामगारांच्या. गिऱ्हाइकं मुख्यतः दुचाकीवर येत आणि पंधरा-वीस मिनिटांत जात. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी पार्किंग वाचवायचं म्हणत होते, त्यालाच जागा मिळत नव्हती. औषधवाल्या काकांनी वही दोनदा चाळली आणि स्वतःची गाडी तिसऱ्या दिवसापासून मागच्या गल्लीत लावायला सुरुवात केली.

त्यातून तोडगा निघाला. पी-१ पी-२ रद्द. रुग्णालय आणि दुकानांची दाट रांग असलेल्या बाजूला कायमचं पार्किंग, दुसऱ्या बाजूला नो पार्किंग. दुकानांसमोरची जागा मोटारींऐवजी दुचाकींना, कारण एका मोटारीच्या लांबीत पाच-सहा दुचाकी सहज बसतात. माल उतरवणाऱ्या टेम्पोंसाठी सकाळच्या ठरावीक वेळेत राखीव जागा. रुग्णालयासमोर रुग्णवाहिका आणि रिक्षा थांबण्यापुरता मोकळा तुकडा.

सोसायट्यांशी मात्र एकमत झालं नाही. ज्यांच्या घरी दोन गाड्या आणि इमारतीत एकच जागा, त्यांना रस्त्यावरची जागा हक्काची वाटत होती. दोन सोसायट्यांत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये जुनं फर्निचर आणि वर्षानुवर्षं न हललेल्या गाड्या पडल्या होत्या. तिथल्या सचिवांनी त्या हलवून जागा केली, एका सोसायटीने शेवटपर्यंत लेखी हरकत ठेवली. ती हरकत तशीच नोंदवून पुढे गेलो. सार्वजनिक रस्ता कुणाच्या खासगी गाडीच्या मुक्कामासाठी राखून ठेवायचा आणि रोज जीव मुठीत धरून जाणाऱ्याने वाट बघायची, हे मान्य करणं मला शक्य नव्हतं.

प्रयोग

कायमचं काम करण्याआधी वाहतूक पोलिसांची संमती लागते आणि पुण्यात असे बदल आधी प्रायोगिक तत्त्वावर करून हरकती-सूचना मागवण्याची पद्धत आहे. ती इथे उपयोगी पडली. पाण्याने भरायचे प्लास्टिकचे बॅरिकेड, कोन, फक्कीच्या रेघा आणि दोन्ही टोकांना फलक, एवढ्यावर ट्रॅक उभा केला.

पहिल्या दिवशी शाळा सुटताना घोटाळा झाला. व्हॅनवाले नेहमीप्रमाणे पदपथाला चिकटून थांबायला गेले, मध्ये बॅरिकेड, मग रस्त्यातच थांबले आणि मुलं चालत्या वाहनांमधून आली. कागदावर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेसमोरची पार्किंगची पट्टी व्हॅनसाठी मोकळी केली आणि कठड्यात मुलांना ओलांडायला रुंद फट ठेवली.

दुसरा प्रश्न दुचाकी ट्रॅकमध्ये शिरण्याचा. तोंडाशी बोलार्ड, म्हणजे वाहनं अडवणारे आखूड खांब, लावा, अशी सगळ्यांची मागणी. पण सायकल जाईल आणि स्कूटर अडेल असं अंतर व्यवहारात सापडत नाही. दोन्हींच्या हँडलच्या रुंदीत फरक फार थोडा. बोलार्ड इतके जवळ लावले की स्कूटर अडेल, तर कॅरिअरला दोन्हीकडे पिशव्या लावलेली सायकल, व्हीलचेअर आणि कचरा गोळा करणाऱ्या ताईंची ढकलगाडीही अडते. ढकलगाड्यांना ट्रॅकवरून जाऊ द्यायचं, हे आम्ही तेव्हाच ठरवलं. त्या हळू जातात, पण रस्त्यावर त्यांनाही तेवढाच धोका आहे.

दुचाकी केव्हा शिरतात ते पाहिल्यावर उत्तर दुसरीकडे सापडलं. दिवसभर फारशा शिरत नव्हत्या. चौकातल्या सिग्नलची रांग ठरावीक ठिकाणाच्या मागे गेली की शिरत. पोलिसांनी सिग्नलची वेळ संध्याकाळपुरती बदलली, रांग आखडली आणि घुसखोरी बरीच कमी झाली. पूर्ण थांबली नाही.

चौक, गल्ल्या आणि थांबे

सरळ भागात ट्रॅक सुरक्षित करणं सोपं. सायकलस्वार मार खातो तो वळणावर. सायकल सरळ जात असते, शेजारची मोटार डावीकडे गल्लीत वळते आणि दोघं एकाच जागी येतात. त्यासाठी गल्ल्यांच्या तोंडाशी ट्रॅक आणि पदपथ खाली न उतरवता त्याच उंचीवर पुढे नेले; गाडीने चढून हळू वळायचं. कोपऱ्यांची गोलाईही कमी केली, म्हणजे वेगात वळताच येऊ नये. कोपऱ्याच्या आधीच्या काही मीटरमध्ये पार्किंग बंद, नाहीतर उभ्या गाडीआडून सायकल दिसतच नाही. उभ्या गाड्यांनी सायकल सुरक्षित ठेवायची असेल तर त्या योग्य जागी संपवायलाही लागतात.

बसथांब्यांवर पार्किंगच्या बाजूला सोपं होतं: त्या दोन मीटरमध्ये थांब्याचं बेट केलं आणि ट्रॅक मागून नेला. समोरच्या बाजूला जागा नव्हती. तिथे ट्रॅक दीड मीटरवर आणला, पदपथाचा अर्धा मीटर घेतला, कठड्याचा पाव मीटर मिळवला आणि सव्वा मीटरचं बेट झालं. एवढ्यात शेड बसत नाही, म्हणून शेड पदपथावरच राहिली आणि प्रवाशांना बस आल्यावर ट्रॅक ओलांडावा लागतो. तिथे ट्रॅक पदपथाच्या उंचीला आणून पट्टे मारले, सायकलस्वार आपसूक हळू होतो. ज्येष्ठ नागरिकांची याबद्दलची तक्रार अजून आहे आणि ती खोटी नाही.

गणेशोत्सवाचा मुद्दा बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. या रस्त्यावर मंडळाचा मांडव पडतो आणि काँक्रीटचा सलग कठडा नेमका त्याच जागेतून जाणार होता. कार्यकर्त्यांशी आधीच बोलणं झालं. तेवढ्या तुकड्यात कठडा बोल्टने बसवलेला, काढता येण्याजोगा केला. उत्सवानंतर तो परत बसवायची जबाबदारी मंडळाने घेतली आणि पाळली. पुढे ट्रॅकवर गाडी लावणाऱ्यांना हटकायला सर्वांत आधी हीच मुलं उभी राहिली. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन विनियमांत सायकल ट्रॅकवर गाडी उभी करायला मनाई आहे, हे छापलेले कागद त्यांनी स्वतःच वाटले.

काय झालं

काम उभं राहिल्यावर पहिला बदल दिसला तो सायकली वाढण्याचा नव्हे, सायकली कुठून चालतात त्याचा. रोजचे जवळपास सगळे ट्रॅकमध्ये आले. मग हळूहळू शाळेची लहान मुलं दिसायला लागली, ज्यांना घरून आधी परवानगीच नव्हती. काही जण ट्रॅकवरून उलट दिशेने येतात. रस्ता ओलांडणं अवघड आहे तोवर ते येणारच, आणि दोन मीटरमध्ये हळू चाललेल्या दोन सायकली समोरासमोरून निघून जातात. आम्ही त्यावर ओरडा केला नाही.

अकरा मीटरमध्ये दुपारचा सुसाट वेग उतरला. गर्दीच्या वेळी प्रवासाला लागणारा वेळ थोडा वाढला, हेही खरं. दुकानं बंद पडली नाहीत. मिठाईवाल्यांनी नंतर दुचाकींसाठी आणखी जागा मागितली.

अपघात कमी झाले का, हा प्रश्न सगळे विचारतात. एका सव्वा किलोमीटरच्या रस्त्यावर गंभीर अपघातांचा आकडा वर्षाला इतका लहान असतो की एक-दोन वर्षांच्या नोंदींवरून छातीठोक काही सांगणं चुकीचं ठरेल. म्हणून आम्ही वेग, दारांचे प्रसंग आणि ट्रॅकबाहेर चालणाऱ्या सायकली यांवर लक्ष ठेवलं.

मंडईजवळचा शेवटचा तुकडा मात्र फसला. तिथे ट्रॅकवर भाजीच्या पाट्या आणि हातगाड्या लागल्या, त्यांच्या पुढ्यात गिऱ्हाइकांच्या दुचाकी, आणि सायकली पुन्हा डांबरावर. अतिक्रमण कारवाई झाली की दोन दिवस मोकळं, मग पुन्हा तेच.

वेगळं काय करता आलं असतं

मंडईचा तुकडा कारवाईने सुटणारा नव्हताच. दुकानदारांशी चार बैठका झाल्या, भाजीवाल्या मावश्यांशी एकही नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार त्यांनाही जागेचं संरक्षण आहे. त्यांना विचारलं असतं तर पार्किंगची दोन मीटरची पट्टी त्या भागात पदपथाला लागून घेऊन, विक्रेत्यांना देऊन, तोंड पदपथाकडे ठेवून बसवता आलं असतं. गिऱ्हाईक पदपथावर, पाट्या कठड्याच्या अलीकडे, ट्रॅक मोकळा. हे पुढे सुचलं ते एका पालेभाजीवाल्या मावशींनी सांगितल्यावरच. तोवर कठड्याचं काँक्रीट झालं होतं.

मोठ्या चौकात डावीकडचं मोकळं वळण, म्हणजे फ्री लेफ्ट, बंद करण्याची मागणी आम्ही केली होती. रांग वाढेल म्हणून ती मान्य झाली नाही आणि उंचवट्यावर तडजोड झाली. रात्री तो उंचवटा पुरत नाही, गाड्या तसाच वेग घेऊन वळतात. तिथे निदान प्रयोगाच्या काळात फ्री लेफ्ट बंद करून रांग खरंच किती वाढते ते पाहायला हवं होतं. पार्किंगबाबत मोजून निर्णय घेतला, इथे अंदाजावर.

देखभालीचा विचार निविदेतच हवा. कठड्याचे बोल्ट, लवचिक खांब, पट्टे यांची दुरुस्ती दोष दायित्व कालावधीत, म्हणजे ठेकेदारानेच दुरुस्ती करायच्या मुदतीत, स्पष्ट लिहिली असती तर मोडलेला खांब महिनोन्‌महिने तसाच राहिला नसता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पाठपुराव्याचा नेहमीचा मार्गही राहिला नाही. झाडण्याचंही तसंच: यांत्रिक झाडू दोन मीटरमध्ये शिरत नाही आणि रस्ता झाडताना पालापाचोळा कडेला, म्हणजे ट्रॅकमध्ये, ढकलला जात होता. आरोग्य कोठीवरच्या, म्हणजे सफाई कामगारांच्या हजेरीच्या जागेवरच्या, मुकादमांशी बोलल्यावर ट्रॅक झाडण्याच्या पाळीत धरला गेला. हे संभाषण आराखडा कागदावर असतानाच व्हायला हवं होतं. पुढे एका भूमिगत कामासाठी ट्रॅक खोदला गेला आणि बुजवताना मध्ये उंचवटा राहिला. त्या जागी सायकली आजही डांबरावर उतरतात.

मंडईपलीकडचा रस्ता १८ मीटरचा आहे आणि गटाने आता तो हाती घेतला आहे. तिथे पदपथ अडीच-अडीच मीटर, ट्रॅक दोन-दोन आणि दोन्हीकडे पाव मीटरचा कठडा धरला तर साडेआठ मीटर उरतात. त्यात एका बाजूला पार्किंग आणि त्याच्यासाठी रुंद कठडा घेतला की वाहतुकीला सहा मीटर, आणि समोरासमोर आलेल्या दोन बस अडतात. म्हणजे तिथे पार्किंग पूर्ण बंद, किंवा बस एकेरी, किंवा ट्रॅकशिवाय ३० चा वेग, यांतलं एक निवडावं लागेल. नंबर लिहिण्याच्या वहीचं काम सुरू झालं आहे, आणि पहिली बैठक पाट्या लावणाऱ्या मावश्यांसोबत, दुपारी दोनला, मंडईच्याच आवारात ठेवली आहे.